गोरोबांचे थापटणे आणि दोन ग्रेचा ताळा

उन्हाळ्याच्या तोंडावर औंढा नागनाथच्या बाजारात माठ घ्यायला आलेली बाई माठाकडे नुसती बघून पैसे देत नाही. डाव्या हाताने काठ धरून ती माठ जरासा अधांतरी उचलते, उजव्या हाताचे मधले बोट वाकवते आणि पेराने माठाच्या पोटावर टकटक करते. माठ खणखणला तर बाजूला ठेवते, बद्द वाजला तर परत रांगेत. कुंभाराने आधीच तो वाजवून दाखवलेला असतो. तरी ती स्वतः वाजवतेच, आणि कुंभार त्याचा राग मानत नाही. विकणाऱ्याचा कान वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा, हे दोघांनाही ठाऊक असते.

या टकटकीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट औंढ्याच्याच देवळात येऊन संपते. संतमेळा जमला होता. कुणी तो तेरला गोरोबा कुंभारांच्या अंगणात होता असे सांगतात, कुणी पंढरपुरात. मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले, या मडक्यांतली पक्की किती आणि कच्ची किती? गोरोबांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र कळवळले, चिडले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडके कच्चे आहे. रडत पंढरपूरला गेलेल्या नामदेवांना विठ्ठलाने समजूत घालण्याऐवजी औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवले. तिथे पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा दिसले. पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत, तर तिथेही पिंड. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने १७६२ साली ही कथा घरोघरी नेली. नामदेवांचे नरसी गावही याच हिंगोली जिल्ह्यातले.

हीच रीत आज कर्करोगाच्या उपचारात आहे. रुग्णाला किरणांची जी मात्रा दिली जाते, ती सांगितली तेवढीच आहे का, हे उपचार करणाऱ्या रुग्णालयाबाहेरच्या कुणीतरी स्वतंत्रपणे वाजवून पाहायचे. ही तपासणी भारतात १९७६ पासून चालते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून, म्हणजे ट्रॉम्बेहून, चिमूटभर पूड भरलेल्या कॅप्सूल टपालाने रुग्णालयांना जातात. रुग्णालय त्यांच्यावर ठरलेली मात्रा सोडते आणि परत पाठवते.

मडके आणि कॅप्सूल यांची तुलना वरवर पाहता कीर्तनकाराच्या दृष्टांतासारखी वाटेल. पण ही दोन्ही खरोखरच एका घरातली भावंडे आहेत, आणि त्या नात्याचा कागद १९५३ सालचा आहे.

त्या वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॅनियल्स, बॉइड आणि साँडर्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता उष्मादीप्ती. काही स्फटिकांवर किरण पडले की त्यातली थोडी ऊर्जा स्फटिकातल्या खोडींमध्ये अडकून बसते. पुढे तो स्फटिक तापवला की अडकलेली ऊर्जा सुटते आणि मंद उजेड पडतो. जितकी मात्रा आधी मिळाली असेल, तितका उजेड जास्त. म्हणजे स्फटिक किरणांचा हिशेब पोटात ठेवतो आणि आच लागली की सांगून टाकतो. या गुणाचे उपयोग काय काय होतील, याची यादी त्या तिघांनी मांडली. किरणांची मात्रा मोजणे हा त्यातला एक. प्राचीन वस्तूंचे वय काढणे हा दुसरा. याच सुमारास डॅनियल्स यांच्या लिथियम फ्लोराइडचे स्फटिक ओक रिज येथे किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या कर्करुग्णांना गिळायला देण्यात आले. ते परत मिळवून तापवले आणि शरीराच्या आत किती मात्रा पोचली ते वाचले. पुढे लिथियम फ्लोराइडची हीच पूड जगभरच्या तपासणीची मुख्य पूड झाली.

आता मडक्याकडे वळू. मातीत गारगोटीचे आणि फेल्डस्पारचे बारीक कण असतात, आणि तेही हिशेब ठेवतात. मातीतल्या नैसर्गिक किरणोत्साराचा हजारो वर्षांचा हिशेब त्यांच्या पोटात साठलेला असतो. कुंभार मडके आव्यात घालतो, तेव्हा त्या आचेत सगळा जुना हिशेब उजेड होऊन उडून जातो आणि पाटी कोरी होते. मडके आव्यातून बाहेर आले की नवा हिशेब सुरू. म्हणून हजार वर्षांनी त्याच खापराचा तुकडा तापवून उजेड मोजला की ते कधी भाजले ते सांगता येते. साठच्या दशकात ऑक्सफर्डच्या मंडळींनी या युक्तीचे शास्त्र केले. जुने म्हणून विकलेले भांडे काल-परवाचे आहे का, हेही त्यातून कळू लागले. १९६३ साली जपानी संशोधकांनी हिरोशिमातल्या घरांची कौले तापवून अणुबॉम्बची मात्रा मोजली. भाजलेली माती साक्षीला उभी राहिली.

कच्च्या मडक्याचे काय? ते आव्यात गेलेलेच नाही, म्हणून त्याची पाटी कोरी झालेली नाही. त्याच्या पोटातला जुना हिशेब तसाच आहे. थोडक्यात, गोरोबांनी थापटण्याने विचारलेला प्रश्न आजची प्रयोगशाळा त्याच मातीला आच देऊन विचारू शकते, आणि ते मडके कच्चे की पक्के हे उजेडावरून सांगू शकते. तपासणीची कॅप्सूल तरी काय करते? तिच्यातली पूड आधी सुमारे ४०० अंशांवर भाजतात. भाजली की ती कोरी. मग ती टपालाने जाते, मात्रा खाऊन परत येते आणि पुन्हा आच लागताच बोलते.

या घराण्याचे बाकीचे टप्पे एका दमात सांगता येतील. १६६३ च्या ऑक्टोबरात रॉबर्ट बॉइलने अंथरुणात अंगाच्या उबेला धरलेला हिरा अंधारात मंद उजळताना पाहिला. १८९५ मध्ये जर्मनीत वीडेमान आणि श्मिट यांनी मँगनीज मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटवर प्रयोग केले. मारी क्यूरींनी आपल्या प्रबंधात नोंदवले की, तापवून विझलेल्या फ्लोराइटला रेडियमजवळ ठेवले की उजळण्याची शक्ती परत येते. बॉइलच्या हिऱ्याबद्दल मात्र एक अंदाज ठामपणे करावासा वाटतो. ब्राझीलच्या हिऱ्यांच्या खाणी अठराव्या शतकात सापडल्या. त्याआधी युरोपात पोचणारे हिरे जवळजवळ सगळे हिंदुस्थानातले, त्यातही गोवळकोंड्याच्या मुलखातले. बोर्निओचे थोडे हिरेही बाजारात येत. पण लंडनच्या एका गृहस्थाच्या हाती पडलेला खडा दख्खनचा असण्याचीच शक्यता भारी आहे. तसे असेल, तर हिशेब ठेवणाऱ्या स्फटिकांच्या नोंदवलेल्या कुळीतला आद्य पुरुष मराठवाड्याच्या शेजारच्या मुलखातून गेला होता.

आता शब्दाकडे. अशा तपासणीला इंग्रजीत ‘ऑडिट’ म्हणतात, आणि तसे म्हटले की डोळ्यासमोर लाल शाईच्या खुणा येतात. पण हा शब्द मुळात कानाचा आहे. लॅटिनमध्ये ‘आउदिरे’ म्हणजे ऐकणे. मध्ययुगीन इंग्लंडात जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा तो ऐकत असे. ऐकणारा तो ऑडिटर. बाजारात माठ वाजवणारी बाई आणि संतांच्या डोक्यांचा आवाज ऐकणारे गोरोबा, दोघेही शब्दाच्या मूळ अर्थाने ऑडिटर ठरतात.

मराठीत या कामाला शब्द आहे पडताळणे, आणि त्याचे मूळ सरळ सांगता येत नाही. गणित सोडवून झाले की शाळेत ताळा करायला सांगत. भागाकाराचा ताळा गुणाकाराने, वजाबाकीचा बेरजेने. जमाखर्चाचा ताळेबंद, बोलण्याचा ताळमेळ, माणूस ताळ्यावर येणे ही सगळी त्याच गोतातली मंडळी. हा ‘ताळा’ आला कुठून? एक मत येता-जाता ऐकू येते की हा इंग्रजी ‘टॅली’चा मराठी अवतार. ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो, म्हणून मोह होतो. पण ‘टॅली’चे मूळ लॅटिन ‘तालेआ’, म्हणजे खाचा पाडायची काठी. आणि ताळेबंद हा शब्द पेशवे दफ्तरात इंग्रजी कारकून बसण्याच्या आधीपासून नांदत होता. ‘टॅली’ला इथे जागा नाही.

दुसरे मत संगीताचे. ताल म्हणजे टाळी, ठेका. दोन गोष्टी एका ठेक्यावर आल्या की ताळा पडला. संस्कृतातला दोन स्वरांमधला ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो, जसे फल-फळ, काल-काळ. त्यामुळे ताल-ताळ ही वाट स्वच्छ आहे. ‘ताळमेळ’ या जोडशब्दालाही ती शोभते. बहुतेकांना हेच पटेल.

तिसरी वाट या लेखाला अधिक प्रिय आहे: ताडन, म्हणजे ठोकणे. संस्कृत ‘ड’ मराठीत येताना ‘ळ’ होण्याची खोड जुनी आहे. गुडाचा गूळ झाला, तडागाचे तळे, षोडशाचे सोळा. मग ताडाचा ताळ का होऊ नये? आणि ‘पडताळणे’मधला ‘पड’ हा ‘प्रति’च आहे, जसा तो पडसादात आहे, पडजिभेत आहे. प्रति-ताडन: दुसऱ्या बाजूने ठोकणे, ठोकून उलट येणारा आवाज घेणे. ठेक्याचे मत मानणारा विचारील की हिशेबाच्या वहीत ठोकायचे काय? उत्तर असे की शब्द वहीत जन्मत नाहीत, हातात जन्मतात. नाणे दगडावर आपटून वाजवणारा सराफ, मडके ठोकणारे गिऱ्हाईक, भिंत ठोकून पोकळी शोधणारा गवंडी हे सगळे पडताळतातच. आणि खुद्द ‘ताल’ या शब्दाचे नातेही ताडनाशीच लावले जाते, कारण टाळी म्हणजे हातावर हात मारणेच. म्हणजे दुसरी वाट चालत राहिले तरी शेवटी तिसऱ्या वाटेलाच मिळते.

कुंभारकामाची एक खोच इथे नोंदवायला हवी. थापटणे हे भाजलेले मडके तपासायचे हत्यार नाही. आतून गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ओल्या मडक्याचे पोट घडवतात. भाजलेले मडके बोटाने वाजवतात. मग गोरोबांनी थापटणेच का उचलले? कथेत ते सहज हाताशी असल्यासारखे येते, पण त्यात अक्कल आहे. ओल्या मडक्यावर थापटणे पडले की ते आकार बदलते, पक्क्यावर पडले की फक्त आवाज होतो. नामदेवांचा आकार बदलला.

आता प्रश्न असा की किरणांच्या उपचाराला असे बाहेरचे थापटणे लागतेच कशाला? रुग्णालयात भौतिकतज्ज्ञ असतो, यंत्रे असतात, नोंदवह्या असतात.

खेड्यापाड्यांत अनेकजण रेडिओथेरपीला ‘शेक’ म्हणतात. हिंगोलीकडचे रुग्ण शेक घ्यायला नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला, बार्शीला, नाहीतर थेट मुंबईला जातात. शब्द मोठा बोलका आहे, पण या शेकाची ऊब लागत नाही. एका दिवसाची नेहमीची मात्रा २ ग्रे, म्हणजे एक किलो मांसाला २ जूल ऊर्जा. तेवढ्याने पाण्याचे तापमान अर्ध्या सहस्रांश अंशाने वाढते. किरण दिसत नाहीत, त्यांचा आवाज नाही, वास नाही. मात्रा पाव पटीने जास्त गेली तरी टेबलावरच्या माणसाला त्या क्षणी काहीच कळत नाही. हे मडके वाजतच नाही.

आजीची बाळगुटी आठवून पाहावी. सहाणेवर हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, मुरुडशेंगेचे तीन. आजी मात्रा मोजत नव्हती, वेढे मोजत होती. सहाण झिजलेली असली, वेखंड नवे आणि मऊ असले, की तेवढ्याच वेढ्यांत भलतीच मात्रा उतरणार. कोबाल्टचे यंत्रही वेढेच मोजते, फक्त ते वेढे मिनिटांचे असतात. कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो, महिन्याला सुमारे १ टक्का झिजतो. म्हणून दर महिन्याला मिनिटे थोडी वाढवावी लागतात, आणि नवा कोबाल्ट बसवला की एकदम कमी करावी लागतात. कोष्टकात एक चूक झाली की ती रोज, प्रत्येक रुग्णाला, त्याच प्रमाणात, अगदी प्रामाणिकपणे दिली जाते.

अमेरिकेतल्या कोलंबस शहरात १९७४ ते १९७६ या काळात असेच झाले. कोबाल्ट किती झिजला याची रेघ साध्या आलेखाच्या कागदावर सरळ ओढली गेली. खरी झीज वक्र असते आणि हळूहळू मंदावते. कागदावरचा कोबाल्ट खऱ्यापेक्षा लवकर दुबळा होत गेला, म्हणून मिनिटे वाढवत नेली. ४२६ रुग्णांना जादा मात्रा गेली. जवळपास दोन वर्षे यंत्राची मात्रा कुणी प्रत्यक्ष मोजलीच नव्हती.

कोस्टा रिकातल्या सान होसेची गोष्ट दशांशचिन्हाची. ऑगस्ट १९९६ मध्ये नवा कोबाल्ट बसवला आणि त्याची ताकद मोजली. ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. हिशेबात ते ३० सेकंद धरले गेले. कोबाल्ट आहे त्याहून दुबळा ठरला, मिनिटे वाढली आणि ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा ५० ते ६० टक्के जास्त मात्रा मिळाली. महिन्याभराने उपचार थांबवले, तोवर अनेकांचे नुकसान भरून न येण्याजोगे झाले होते.

इंग्लंडमधल्या एक्सेटरची हकीकत या कुळकथेत सर्वांत मोलाची आहे. १९८८ च्या फेब्रुवारीपासून तिथे नव्या कोबाल्टच्या मोजणीत चूक झाली होती आणि २०७ रुग्णांना २५ टक्के जादा मात्रा गेली. योगायोगाने त्याच वर्षी देशभरातल्या सगळ्या केंद्रांची मात्रा बाहेरच्या तज्ज्ञांनी जाऊन पडताळण्याचे काम चालू होते. ते एक्सेटरला पोचले, त्यांनी आपले मोजमाप घेतले आणि आकडे जुळेनात. जुलैत चूक उघड झाली. तिथल्या रोजच्या कामात ती कुणाला दिसली नव्हती, कारण जे कोष्टक चुकले त्याच कोष्टकाशी रोजचे काम जुळवून पाहिले जात होते.

जादा मात्रेला निदान त्वचा भाजून साक्ष देते. कमी मात्रा तेही करत नाही. इंग्लंडमधल्याच स्टोक शहरात १९८२ ते १९९१ अशी नऊ वर्षे अंतराची एक दुरुस्ती दोनदा होत राहिली. संगणक ती आधीच करत होता, हाताने ती पुन्हा केली जात होती. सुमारे हजार रुग्णांना ५ ते ३० टक्के कमी मात्रा मिळाली. कातडीवर त्याची खूण उठत नव्हती. गाठ परत आली तर रोगाला दोष दिला गेला. नवा संगणक आणला तेव्हा जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसेना आणि मग हे कळले.

या चारही ठिकाणी मोजायची उपकरणे बिघडलेली नव्हती. चुकला तो गुणाकार, चुकली ती समजूत. म्हणून उपकरण प्रमाणित करून आणणे आणि मात्रा बाहेरून पडताळून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम चोख करूनही दुसऱ्याची गरज उरते. कुंभाराचे चाक नीट फिरते म्हणून मडके पक्के ठरत नाही.

आता टपालाची रीत आधी कुणी काढली, यावर थोडे. अमेरिकेत हूस्टनला १९६८ साली यासाठी एक केंद्र उघडले. कर्करोगावरील उपचारांच्या मोठ्या चाचण्यांत भाग घेणाऱ्या रुग्णालयांची मात्रा एकसारखी आहे का, हे पाहणे त्याचे काम. म्हणून पहिला मान हूस्टनला द्यावा असे काहींना वाटते. पण तिथले भौतिकतज्ज्ञ आधी स्वतः सामान घेऊन रुग्णालयात जात, टपालाची वाट त्यांनी नंतर धरली. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने साठच्या दशकाच्या मध्यावर टपालाची चाचणी घेतली आणि १९६९ पासून जागतिक आरोग्य संघटनेसोबत ती सेवा चालू केली. हूस्टनने ऐकणारा माणूस पाठवला, व्हिएन्नाने ऐकणारी पूड पाठवली. गरीब देशांच्या दृष्टीने दुसरीच गोष्ट निर्णायक ठरली. भौतिकतज्ज्ञाचा विमानप्रवास महाग, कॅप्सूल टपालाने स्वस्तात जातात. भारताने १९७६ साली जी वाट धरली ती हीच. आपल्याकडे कोबाल्टची यंत्रे लांबलांबच्या शहरांत विखुरलेली होती, आणि सगळीकडे पोचणारी गोष्ट म्हणजे टपाल.

ही कॅप्सूल जवळून पाहण्यासारखी आहे. पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी जाड, बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी, आत पांढरी पूड. रुग्णालयातला भौतिकतज्ज्ञ पाण्याची टाकी यंत्राखाली ठेवतो. कॅप्सूल एका दांड्याच्या भोकात सरकवून पाण्यात ५ सेंटिमीटर खोल उभी करतो, १० बाय १० सेंटिमीटरची खिडकी उघडतो. मग रुग्णासाठी जसा हिशेब करतो तसाच करून २ ग्रे द्यायला किती मिनिटे लागतील ते काढतो आणि तेवढा वेळ किरण सोडतो. नळी पुसतो, फॉर्मवर आपला हिशेब लिहितो आणि लिफाफा बंद करतो. लिफाफ्यात एक नळी अशीही असते जिला हात लावायचा नसतो. ती फक्त प्रवास करते. वाटेत जो काही किरणोत्सार लागला असेल, त्याचा हिशेब ती सांगते आणि तो वजा होतो. प्रयोगशाळेत पूड तापते, उजेड मोजला जातो आणि रुग्णालयाने सांगितलेल्या आकड्याशेजारी दुसरा आकडा उभा राहतो. दोघांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कळवले जाते, पुन्हा कॅप्सूल जातात, गरज पडली तर माणूस जातो.

५ टक्के ही रेघ मनमानीने ओढलेली नाही. मात्रा एवढी इकडेतिकडे झाली तरी गाठ मरण्यात आणि आसपासचे निरोगी मांस वाचण्यात फरक पडू लागतो. व्हिएन्नाच्या सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत या रेघेच्या आत बसणारी केंद्रे निम्म्याच्या आसपास होती. अलीकडे ती ९५ टक्क्यांच्या वर गेली आहेत. त्यात नव्या यंत्रांचा वाटा आहे, शिक्षणाचा आहे. पण ज्या केंद्रांची तपासणी पुन:पुन्हा होत गेली त्यांचे निकाल सुधारत गेले, हेही या सेवेच्या अनुभवात दिसते.

गोरोबांच्या रीतीत आणि या रीतीत एक मोठा फरक आहे. गोरोबांनी निकाल भर सभेत सांगितला. नामदेवांचा अपमान झाला आणि ते उठून गेले. तपासणीचा निकाल फक्त त्या रुग्णालयाला आणि संबंधितांना कळतो. हे बरे की वाईट? रुग्णाच्या बाजूने पाहिले तर निकाल जाहीर व्हावा असे वाटेल. पण चव्हाट्यावर येण्याची भीती असली की कॅप्सूलसाठी खास हिशेब केला जातो आणि तपासणीचा जीवच जातो. दुरुस्ती हा हेतू असेल तर गुप्तता पत्करावी, असेच म्हणावे लागते. साम्यही मोठे आहे. गोरोबांनी कच्चे मडके फोडले नाही आणि स्वतः भाजायलाही घेतले नाही. तपासणारा तेर गावचा, भाजणारा औंढ्याचा.

टपालाच्या कॅप्सूलची मर्यादाही मोठी आहे. रुग्णालयाला माहीत असते की आज आपली परीक्षा आहे. शिवाय ती फक्त साध्या चौकोनी झोताची मात्रा सांगते. आजची यंत्रे गाठीच्या आकाराप्रमाणे झोत कोरत जातात. म्हणून हूस्टनने माणसाच्या डोक्या-मानेच्या आकाराचा प्लास्टिकचा पुतळा पाठवायला सुरुवात केली. त्याचा स्कॅन, आखणी, उपचार सगळे खऱ्या रुग्णासारखे करायचे आणि पोटातल्या कॅप्सूल परत द्यायच्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत ७ टक्के आणि ४ मिलिमीटर एवढी ढील देऊनही चारातल्या एकाहून अधिक प्रयत्नांना उत्तीर्ण होता आले नव्हते. त्यांतली बरीच केंद्रे साध्या झोताच्या परीक्षेत उत्तम होती.

तपासणीची वेळच कळू नये, अशी युक्ती दुसऱ्या एका शास्त्राने केली, आणि तिची वाट पुन्हा औंढ्याला येते. गावाजवळच्या दुधाळा इथे गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. ४ किलोमीटर लांबीचे दोन बाहू, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेला २,६०० कोटी रुपयांचा प्रकल्प. तो अणुऊर्जा विभागाचा आहे, म्हणजे ट्रॉम्बेहून कॅप्सूल पाठवणाऱ्या विभागाचाच. अमेरिकेतल्या लायगोत १६ सप्टेंबर २०१० रोजी एक सुरेख लहर टिपली गेली. शास्त्रज्ञांनी महिनोन्महिने तिचा अभ्यास केला, शोधनिबंधही लिहून काढला. १४ मार्च २०११ रोजी कॅलिफोर्नियात सगळ्यांसमोर उत्तराचे ‘पाकीट’ उघडले. त्यातून कळले की ती लहर नियोजनपूर्वक, गुपचूप आत सोडलेली होती. मोजक्या चार माणसांनाच ते ठाऊक होते. निराशा झाली, पण आपला कान नीट आहे हे शेकडो लोकांना एकदम कळले. २०१५ च्या सप्टेंबरात खरी लहर आली, तेव्हा त्या कानावर विश्वास ठेवता आला. रुग्णालयात असा गुपचूप प्रयोग करणे सोपे नाही, कारण तिथे रोज खरी माणसे टेबलावर असतात.

मग गोरोबांच्या डोक्यावर थापटणे कुणी मारले? कथा त्याबद्दल काही सांगत नाही. ट्रॉम्बेच्या बाबतीत मात्र व्यवस्था आहे. १९८१ पासून व्हिएन्नाच्या कॅप्सूल जगभरातल्या अशा प्रमाण प्रयोगशाळांकडेही जातात. प्रयोगशाळा रुग्णालयासारखीच त्यांच्यावर मात्रा सोडते आणि परत पाठवते. खुद्द व्हिएन्नाचे काय, तर तिच्या कॅप्सूलवर पॅरिसजवळच्या सेव्रमधली वजनमापांची आंतरराष्ट्रीय संस्था आणि इतर मोजकी केंद्रे आपली मात्रा सोडून त्या परत पाठवतात, आणि व्हिएन्नाला आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी लावावा लागतो.